आरोग्यचर्चा : उतारवयांतील मूत्रावरोध आणि चिनी मुळ्या

गेल्या मार्गशीर्षांत वसईकडील आमच्या एका आप्तांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. घर आगाशीच्या बाजूस. पुढें ओटी, मागें विहीर आणि केळी-पोफळींचा परस. लहानथोर मिळून मंडळी चौदा. अशा भरल्या घरांत कोणाचीहि कोणतीहि गोष्ट झांकून राहत नाहीं असें आपण समजतों, परंतु तें खरें नव्हे. पहिल्याच रात्रीं माझ्या लक्षांत आलें कीं, माजघराच्या दाराची कडी दर तासा-दीड तासानें वाजते, कोणी तरी मंद पावलांनीं मागील दारीं जातें, बराच वेळ कांहींच ऐकूं येत नाहीं, आणि मग तींच पावलें परत येतात. सकाळीं चहाच्या वेळीं ह्याचा उल्लेख कोणीच केला नाहीं. घरांतील थोरली सून मात्र मला एकीकडे म्हणाली, “काका, मामंजी रात्रींतून पांच वेळां उठतात. ह्यांना सांगितलें, तर ‘म्हातारपणीं असें व्हायचेंच’ म्हणतात. आणि मामंजींना मी कशी विचारूं?”

मामंजींचें, म्हणजे आमच्या तात्यांचें, वय ७४. मुंबईच्या एका कचेरींत छत्तीस वर्षें नोकरी. अर्थात् छत्तीस वर्षें विरारची गाडी. निवृत्तीनंतरहि महिन्यांतून दोन वेळां गिरगांवांत जुन्या मित्रांकडे जाण्याचा त्यांचा परिपाठ होता. तो दोन वर्षांपासून बंद पडला होता. कारण विचारलें तर, “आतां गर्दी सोसत नाहीं.” खरें कारण निराळें. विरारपासून चर्चगेटपर्यंतचा सुमारें ६० किलोमीटरांचा प्रवास जलद गाडीनेंहि सव्वा तासाहून अधिक चालतो, आणि त्या गाड्यांत शौचकूपाची सोय नाहीं. १८६७ सालच्या एप्रिलांत विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी धांवली. तेव्हांपासून ह्या रुळांवरून किती वृद्ध गृहस्थ ओठ आवळून बसून गेले असतील, त्याची नोंद कोणत्याहि खात्यानें ठेवलेली नाहीं.

तात्यांच्या देवघराशेजारील कोनाड्यांत मला एक कुपी दिसली. तीवर चिनी अक्षरें आणि आंत बाजरीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या काळ्या गोळ्या.

“तात्या, हें काय?”

“चिनी मुळ्यांच्या गोळ्या. सिंगापुराहून भाच्यानें पाठविल्या. तिकडचे लोक म्हणे ऐंशीव्या वर्षीं डोंगर चढतात.”

“तुमच्या डॉक्टरांना दाखविल्या का?”

“झाडपाल्याला डॉक्टर कशाला? गुण आला नाहीं तरी अपाय तर नाहीं ना!”

हें शेवटचें वाक्य आपल्या घराघरांतून इतक्या निःशंकपणें उच्चारलें जातें कीं, ह्या महिन्याची चर्चा त्यावरच करावी असें मीं त्याच क्षणीं ठरविलें. पुढें घडलेल्या गोष्टीनें तो निश्चय अधिकच दृढ झाला. ती गोष्ट ओघानें येईल.

प्रथम विकार काय तें पाहूं. पुरुषाच्या मूत्राशयाच्या अगदीं खालीं, मूत्रमार्गाच्या मुळाशीं, एक लहानशी ग्रंथि असते. तिला पौरुषग्रंथि म्हणतात; डॉक्टर लोक प्रॉस्टेट म्हणतात. तरुणपणीं ती अक्रोडाएवढी, वजनानें सुमारें २० ग्रॅम असते. मूत्रमार्ग हिच्या मधून जातो, आणि साऱ्या अडचणीचें मूळ येथेंच आहे. चाळिशीनंतर बहुतेक पुरुषांत ही ग्रंथि हळूहळू वाढूं लागते. मरणोत्तर तपासणींत असें आढळलें आहे कीं, पन्नाशी-साठीच्या दरम्यानच्या सुमारें निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पलीकडील दहांतील आठ-नऊ पुरुषांत ही वाढ असते. वाढ झालेल्या प्रत्येकास त्रास होतोच असें मात्र नाहीं. ज्यांना होतो त्यांची धार बारीक पडते, सुरू होण्यास वेळ लागतो, मध्येंच तुटते, शेवटीं थेंब थेंब राहतो, आणि पुरतें मोकळें झाल्याचें समाधान कधींच होत नाहीं. मूत्राशय अरुंद दारांतून जोर करून करून चिडखोर बनतो. म्हणून वारंवार आणि तांतडीनें जावें लागतें, व रात्रीची झोंप मोडते. हा कर्करोग नव्हे, आणि ह्याचा कर्करोग होत नाहीं. परंतु दोहोंचीं लक्षणें कधीं कधीं सारखीं असतात, म्हणून निदान आपल्या मनानें करूं नये.

आपल्या प्राचीन वैद्यांना हा प्रकार ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे बारा भेद वर्णिले आहेत. त्यांपैकीं अष्ठीला ह्या भेदांत गुदमार्ग आणि बस्ति ह्यांच्या मधोमध दगडी वाट्यासारखी घट्ट, उंच गांठ उत्पन्न होऊन मूत्र व वायु अडतात असें म्हटलें आहे. आजचा शल्यवैद्य गुदमार्गांतून बोटानें परीक्षा करून जी गांठ चांचपतो, तिचें स्थान नेमकें हेंच. सुश्रुताची अष्ठीला म्हणजे आजची प्रॉस्टेटची वाढच, असें छातीठोकपणें म्हणण्याची घाई मी करणार नाहीं. आपल्याकडे असें म्हणून समाधान मानण्याची संवय जरा अधिकच आहे. तथापि साम्य लक्षणीय आहे खरें. अपानवायूचा कोप हें कारण मानून वायवर्णा, गोखरू, पुनर्नवा, गुग्गुळ ह्यांची योजना आपले वैद्य अद्याप करितात.

आतां चीनकडे वळूं. चिनी औषध म्हटलें म्हणजे कांहीं तरी अपूर्व, परक्या जगांतील वस्तु असा आपला समज होतो. पण आपल्या फडताळांतील डबे उघडून पाहावे. दालचिनी ह्या शब्दाचा अर्थच मूळ फारसींत चीनचें लांकूड असा आहे. रेवाचिनी आपल्या आज्यांच्या बटव्यांत असे. कबाबचिनी खरें पाहतां जावा बेटाकडची, परंतु नांव तिनें चीनचें मिरविलें. आणि ती तर मूत्राच्या विकारांवरच दिली जात असे. सर्वांत मनोरंजक चोपचिनी. ही खरोखर चीनची मुळी. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्या काळीं वसई हें उत्तरेकडील पोर्तुगीज मुलुखाचें मुख्य ठाणें होतें. १५३४ सालीं तें त्यांच्या ताब्यांत गेलें व १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं तें घेतलें, हें वाचकांस सांगावयास नको. मुंबईचें बेट त्या सुमारास ज्या गृहस्थाकडे पट्ट्यानें होतें, तो गार्सिया द ओर्ता नांवाचा पोर्तुगीज वैद्य. गोव्यांत १५६३ सालीं छापलेल्या त्याच्या संवादरूप औषधिग्रंथांत ह्या चिनी मुळीवर स्वतंत्र प्रकरण आहे. तिकडे युरोपांत शरीरशास्त्रज्ञ व्हेसालियस ह्यानें १५४६ सालींच तीवर एक पत्ररूप पुस्तक प्रसिद्ध केलें होतें; आणि इकडे भावमिश्रानें तिला द्वीपांतरवचा असें संस्कृत नांव देऊन फिरंग रोगावर सांगितलें. म्हणजे आजच्या सिंगापुरी कुपीसंबंधीं जें कुतूहल, तेंच चारशें वर्षांपूर्वीं चोपचिनीसंबंधीं होतें. तिची कीर्ति बादशहांच्या दरबारांपर्यंत गेली. आज फिरंग रोगावर ती कोणी देत नाहीं. कारण तिनें तो रोग बरा होत नसे.

चिनी वैद्यकांत ह्या विकारास ‘लुंग-पी’ म्हणतात. थेंब थेंब होणें तें लुंग, व अजिबात अडणें तें पी. त्यांच्या मतें मूत्रपिंडांतील ऊष्मा वयोमानानें मंदावतो, मग जलाचें चलन बिघडतें व बस्तीचें दार नीट उघडत नाहीं. ह्यावर त्यांचा प्रसिद्ध योग असा : हान घराण्याच्या अखेरीस, म्हणजे इसवी सन २०० च्या सुमारास, होऊन गेलेल्या चांग चुंग-चिंग ह्या आचार्यानें आठ द्रव्यांची एक गोळी सांगितली. पुढें १२५३ सालच्या एका ग्रंथांत येन युंग-हो ह्या वैद्यानें तींत दोन द्रव्यें अधिक घातलीं. तात्यांच्या कुपींत हाच योग होता, हें भाच्यास विचारून घेतल्यावर कळलें. दहा द्रव्यांचीं नांवें मीं कागदावर उतरून काढलीं, तेव्हां तात्यांच्या सुनेस हंसूं आवरेना. एक द्रव्य दालचिनीच्या जातीची साल. एक आपल्या कोनफळाच्या कुळांतील कंद. एक आघाड्याच्या सख्ख्या बहिणीचें मूळ. तोच आघाडा, जो मंगळागौरीच्या पत्रींत आपण परसांतून खुडून आणतों. एक इसबगोलाच्या जातीचें बीं. बाकीचीं रेहमानियाचें मूळ, एक लाल फळ, एक पाणवनस्पतीचा कंद, देवदाराच्या जातीच्या झाडाच्या मुळांवर वाढणारी एक बुरशी व एका फुलझाडाच्या मुळाची साल. आणि दहावें द्रव्य बचनागाच्या जातीचें मूळ!

बचनाग हें नांव ऐकतांच हंसणें थांबलें. हें विष आहे, हें आपल्याकडे पोरासोरांसहि ठाऊक. आयुर्वेदांत त्याचें शोधन केल्यावांचून तें देत नाहींत. चिनी वैद्यहि तें दीर्घकाळ उकळून व इतर संस्कार करून मगच वापरतात. संस्कार नीट झाला तर विषारी अंश पुष्कळ कमी होतो. तो अपुरा राहिला तर तोंडास मुंग्या येणें, ओकाऱ्या, आणि हृदयाची गति बिघडून मृत्युहि येतो. कुपीच्या बाहेरून संस्कार झाला किंवा नाहीं, हें कोणास दिसणार? ‘अपाय तर नाहीं ना’ ह्या वाक्याचें पहिलें उत्तर हें.

दुसरें उत्तर अधिक भयंकर आहे. मूत्र मोकळें करण्यासाठीं चिनी वैद्यकांत मू-तुंग नांवाची वेलीची काष्ठौषधि फार दिवस वापरांत होती. तिच्या नांवावर पुष्कळदां जी वस्तु विकली जाई, ती आपल्याकडील सापसणाच्या कुळांतील वेल होती. ह्या कुळांत एक विष असतें; तें मूत्रपिंडांचा हळूहळू नाश करतें, आणि वर्षांनंतर मूत्रमार्गाचा कर्करोगहि उत्पन्न करतें. हें जगास कळलें तें १९९३ च्या सुमारास, बेल्जमांत. तेथील एका चिकित्सालयांत स्थूलपणा घालविण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजीं ह्या कुळांतील दुसरीच मुळी मिसळली गेली होती, व शंभराहून अधिक लोकांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. खुद्द चीननें ती मू-तुंग २००३ सालीं औषधांतून काढून टाकली. जो मनुष्य लघवी साफ व्हावी म्हणून औषध घेतो, त्याचीं मूत्रपिंडेंच त्या औषधानें जावीं, ह्याहून दैवदुर्विलास तो कोणता?

आणि तिसरें. अमेरिकेंत १९९६ पासून ‘पीसी-स्पेस’ नांवाचें आठ वनस्पतींचें एक मिश्रण, त्यांतील बहुतेक वनस्पति चिनी, पौरुषग्रंथीच्या कर्करोगावर विकलें जात होतें. गुण खरोखर येत असे, आणि म्हणूनच शास्त्रज्ञांना संशय आला. पृथक्करण केलें तेव्हां त्या ‘शुद्ध वनस्पतिज’ गोळ्यांत कृत्रिम स्त्री-संप्रेरक, रक्त पातळ करणारें वॉरफारिन आणि वेदनाशामक इंडोमेथॅसिन हीं पाश्चात्य औषधें सांपडलीं. २००२ सालीं तें बाजारांतून परत घेण्यांत आलें. तेव्हां झाडपाल्याच्या गोळीनें दोन दिवसांत चमत्कार झाला असें कोणी सांगितलें, तर त्या चमत्कारामुळें निर्धास्त होऊं नये. उलट सावध व्हावें.

हें सारें चीनविषयींच आहे असें मात्र समजूं नये. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी करून २००४ सालीं जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यांत १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल आढळल्याचें नमूद आहे. आपल्या घरच्या उणिवेवर पांघरूण घालून शेजाऱ्याचें छिद्र दाखविण्यांत अर्थ नाहीं.

मग ह्या औषधांचा उपयोगच नाहीं कीं काय? चीन, जपान व कोरिया येथें ह्या विकारावर वनस्पतींचे प्रयोग पुष्कळ झाले आहेत, व त्यांपैकीं बऱ्याच प्रयोगांत कांहीं लाभ झाल्याचें नमूद आहे. अडचण ही कीं, त्यांतील बहुतेक प्रयोग लहान, थोड्या आठवड्यांचे, आणि कोणास कोणतें औषध दिलें हें देणाऱ्यास वा घेणाऱ्यास अगोदरच ठाऊक असलेले. ह्या विकारांत तर ही गोष्ट फारच महत्त्वाची आहे. कारण ह्याचा त्रास मुळांतच कमीजास्त होत असतो, आणि नुसती साखरेची गोळी दिली तरी कित्येकांस बरें वाटूं लागतें. अमेरिकेंत एका बुटक्या ताडाच्या फळांचा अर्क ह्याच विकारासाठीं लाखों लोक घेत असत. २००६ सालीं २२५ पुरुषांवर एक वर्षभर, आणि २०११ सालीं ३६९ पुरुषांवर मात्रा तिप्पट करीत करीत त्याची रीतसर परीक्षा झाली. निष्फळ गोळीहून अधिक गुण दोन्ही वेळां आढळला नाहीं.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. चौथ्या शतकांतील एका चिनी ग्रंथाच्या सूचनेवरून तू यूयू ह्या विदुषीनें हिंवतापावरील आर्टेमिसिनिन शोधून काढलें, व त्यासाठीं तिला २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनीं १९४९ सालीं विलायतेच्या नियतकालिकांत सप्रमाण मांडला, तेव्हां सारें जग ती वनस्पति मागूं लागलें. मुळींत गुण असला तर तो परीक्षेस घाबरत नाहीं. तात्यांच्या कुपीची तशी परीक्षा अद्याप व्हावयाची आहे, एवढेंच माझें म्हणणें.

आतां ती गोष्ट.

मी परतण्याच्या आदल्या दिवशीं तात्यांना पडसें झालें होतें. कोणी तरी घरांत पडलेली सर्दीची गोळी त्यांना दिली. त्यांतून दोन दिवस कोठा साफ नव्हता. रात्रीं एकच्या सुमारास कडी वाजली ती पुन्हां वाजलीच नाहीं. सून जागी होती; तिनें नवऱ्यास उठविलें. मागील दारीं तात्या भिंतीस टेकून उभे होते, कपाळावर घाम, ओटीपोट नारळासारखें घट्ट. “कांहीं नाहीं, होईल आतां,” एवढेंच म्हणत होते. त्यांच्या पुत्रानें आयुष्यांत प्रथमच वडिलांना दरडावलें, “तात्या, पुरें झालें!” आणि आम्ही त्यांना गाडींत घालून वसईच्या एका रुग्णालयांत नेलें. तेथें रबरी नळी घालून मूत्र काढलें तें जवळजवळ एक लिटर भरलें. मूत्राशयांत सामान्यतः चारशें-पांचशें मिलिलिटर झालें कीं मनुष्यास थांबवत नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या वेदनेची कल्पना येईल. नळी पडतांच तात्यांच्या तोंडून जो सुस्कारा निघाला तो मी विसरणार नाहीं.

दोष चिनी गोळीचा नव्हता, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. दोष सर्दीच्या गोळीचा. पडशाच्या पुष्कळ औषधांत असे पदार्थ असतात कीं, ते मूत्राशयाच्या दाराचे स्नायु आवळतात, किंवा मूत्राशयाची जोर करण्याची शक्तिच कमी करतात. ज्याची ग्रंथि वाढलेली आहे त्यानें हीं औषधें विचारल्यावांचून घेऊं नयेत. परंतु चिनी गोळीनें एक अपराध खासच केला : तिच्या भरंवशावर तात्यांनीं आठ महिने दवडले. त्या आठ महिन्यांत एकदां जरी डॉक्टरांकडे गेले असते, तर ही रात्र बहुधा टळली असती.

डॉक्टरांकडे काय होतें ह्याचीच वृद्धांना धास्ती असते, म्हणून तें सांगतों. सात साधे प्रश्न विचारून पसतीस गुणांपैकीं त्रास किती तें मोजतात. सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, त्यापुढें तीव्र. लघवीची व रक्ताची तपासणी, ध्वनिलहरींनीं ग्रंथीचें आकारमान व लघवी होऊन गेल्यावर मागें किती शिल्लक राहते हें पाहणें, आणि बोटानें एक मिनिटाची परीक्षा. ह्या शेवटच्या परीक्षेच्या लज्जेपायीं कित्येकजण वर्षेंच्या वर्षें झोंप गमावतात! औषधें मुख्यतः दोन जातींचीं. टॅम्सुलोसिनसारखें औषध दाराचे स्नायु सैल करतें व कांहीं दिवसांतच गुण दाखवितें. मात्र तें घेणारानें अंथरुणावरून एकदम उठूं नये, घेरी येण्याचा संभव असतो. फिनास्टेराइड व ड्यूटास्टेराइड हीं ग्रंथीचा आकारच कमी करतात, पण त्यांना सहा महिने द्यावे लागतात. आणि त्यांच्यामुळें कर्करोगाच्या शंकेसाठीं करितात त्या पीएसए नांवाच्या रक्तपरीक्षेचा आंकडा सुमारें निम्म्यावर येतो, म्हणून परीक्षेच्या वेळीं हें औषध चालू असल्याचें अवश्य सांगावें. एवढ्यानें न भागल्यास मूत्रमार्गांतून दुर्बीण घालून वाढलेला भाग काढतात. पोट फाडावें लागत नाहीं.

घरीं करण्यासारखें थोडें आहे, परंतु उपयोगी आहे. संध्याकाळनंतर पाणी व चहा बेताचा. पण दिवसाचें पाणी तोडूं नये, जें तात्या करीत होते. लघवी झाल्यावर क्षणभर थांबून पुन्हां एकदां प्रयत्न करावा. मलावरोध होऊं देऊं नये. रक्तदाबासाठीं मूत्रल गोळी असेल तर ती डॉक्टरांस विचारून सकाळीं घ्यावी. आणि लघवींत रक्त दिसलें, थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अजिबात बंद झाली, तर उजाडण्याची वाट पाहूं नये.

परदेशच्या कुपीसंबंधीं कायद्याचीहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्या १९४० च्या औषधि-कायद्यांत पुढें आयुर्वेद, सिद्ध व युनानी ह्या पद्धतींच्या औषधांसाठीं स्वतंत्र प्रकरण घालण्यांत आलें. चिनी पद्धतीसाठीं तसें कांहीं नाहीं. आणि १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यांत ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांच्या यादींत पौरुषग्रंथीचे विकार स्पष्टपणें घातलेले आहेत. तेव्हां ‘शस्त्रक्रियेवांचून पंधरा दिवसांत खात्रीनें मुक्तता’ असें कोणी छापीत असेल, तर तो प्रथम कायदा मोडीत असतो. रोगाचें पुढें काय व्हावयाचें तें होवो.

तात्यांची नळी चौथ्या दिवशीं काढली. टॅम्सुलोसिन चालू आहे. रात्रीं आतां एकदां, फार तर दोनदां, कडी वाजते. येत्या वैशाखांत त्यांच्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली आहे. हें औषध चालू असतां डोळ्याची बाहुली शस्त्रक्रियेच्या वेळीं नीट विस्फारत नाहीं, म्हणून नेत्रवैद्यांस आधींच कळविलें पाहिजे, असें मीं सुनेस पत्रानें लिहिलें. तिचें उलट उत्तर आलें, “मामंजींनीं स्वतःच फोन करून कळविलें आहे. आतां ते सर्वांना सर्व सांगतात. परवां तर ओटीवर बसून शेजारच्या नानांना सात प्रश्न विचारून त्यांचे गुण मोजीत होते.” कुपीचें काय झालें हें तिनें लिहिलें नाहीं. पुढच्या खेपेस कोनाडा पाहीन.